मायकोरायझा डीएपीत मिसळून पेरलं तर चालतंय का?

औसेकर:
राम राम मंडळी. औसा तालुका, काळी भारी जमीन, सोयाबीनमध्ये तूर असते. दुकानदारानं डीएपी खतासोबत मायकोरायझाची, म्हणजे मुळावर राहणाऱ्या बुरशीची, ४ किलोची पिशवी दिली, म्हणला खतात मिसळून पेरा, मुळ्या वाढतात. पण ही बुरशीच असेल तर आपण बियाण्याला बुरशीनाशक लावतो ते कशाला? तुरीवर मर रोग बी बुरशीनंच येतो ना?

वसमतकर, हळदवाला:
भाऊ, मर वाली बुरशी येगळी. ही मुळाच्या पेशीत शिरते पण मूळ कुजवत नाही, पिकाकडून साखर घेती आन् स्फुरद, जस्त आणून देती. आपल्या चुनखडीच्या रानात स्फुरद जागचा हलत नाही, मुळाजवळचा एक-दोन मिलिमीटरमधला संपला की मूळ उपाशी, मग हिचे तंतू पुढं जातात, केसापेक्षा कितीतरी बारीक, जिथं मूळ शिरतच नाही तिथं. मी बेण्याच्या अगदी खाली टाकतो, वरून फेकून उपयोग नाही, मुळाला लागलं पाहिजे.

परभणीहून:
डीएपीत मिसळू नका दादा, त्यात स्फुरद भरपूर असतो. पिकाला आयता स्फुरद मिळाला की ते बुरशीला जवळ करत नाही, मग पिशवीचे पैसे मातीत. कार्बेन्डाझिमसारखं आंतरप्रवाही, म्हणजे झाडात भिनणारं, बुरशीनाशक बी तिला मारक. आणि कोबी, फ्लॉवर, मोहरी, पालकावर ती बसतच नाही, तिथं टाकूच नका. खरी गोष्ट अशी की ती तुमच्या रानात आधीच असती, पण जिवंत मुळाशिवाय ती वाढत नाही, आपण सोयाबीन काढून रान जूनपर्यंत उघडं ठेवतो, वरून रोटावेटर मारून तंतूंचं जाळं तोडतो. ओल असेल तर रब्बी ज्वारी तरी घ्या, ज्वारीवर ती चांगली पोसते. माझं मत, हे पिशवीपेक्षा महत्त्वाचं.

औसेकर:
मग अर्ध्या एकरात डीएपी निम्मं करून बियाण्याजवळ टाकतो, बाकी रान नेहमीसारखं. फुलोऱ्यात झाडं उपटली की पांढरे धागे दिसतील ना?

परभणीहून:
नाही, ही बुरशी सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते. शेणखतावर पांढरं जाळं येतं ती कुजवणारी बुरशी, ही नव्हे. तुम्ही सोयाबीनच्या मुळावरच्या, हवेतला नत्र धरणाऱ्या गाठी बघा, स्फुरद नीट मिळाला तर गाठी जास्त भरतात. दोन्हीकडची पाच-पाच झाडं खुरप्यानं मातीसकट काढा, उपटू नका, गाठी तुटून रानातच राहतात. नखानं फोडा, आतून गुलाबी निघाली तर गाठ काम करतीय.