कोंबडीच्या 33 तासांच्या भ्रूणात मान-छातीची सीमा दिसत नाही, हॉक्स जीन दाखवायचा कसा?

दारव्हा_झूलॉजी:
बीएस्सीच्या मुलांना होमिओबॉक्स (हॉक्स जीनमधला एक तुकडा) शिकवताना हॉक्स-सी-6 या जीनचं उदाहरण प्रत्यक्ष दाखवायचं आहे. गावातून गावरान अंडी गोळा केली, 38 अंशांवर 33 तास ठेवली. काहींत सोमाइटच्या (ज्यांपासून पुढे मणके बनतात त्या ठोकळ्यांच्या) 4 जोड्या, काहींत 16, दोन अंड्यांत नुसतं रक्ताचं कडं. मान कुठे संपते हे तर एकातही कळलं नाही. तापमान चुकतंय का?

वाशीम_उबवणी:
मशीनचा दोष नाही सर, अंडी आधीच पुढेमागे झालेली होती. गावात कोंबडी रोज त्याच टोपलीत घालते आणि घालताना जुन्या अंड्यांवर बसते. त्यात आपल्याकडचा मे महिना! साधारण 21 अंशांच्या वर भ्रूण हळूहळू वाढू लागतो, आणि 40-42 च्या खोलीत ही वाढ वेडीवाकडी होते. रक्ताचं कडं म्हणजे सुरू होऊन मेलेला भ्रूण. अंडं त्याच दिवशी उचला, 15 ते 18 अंशांत ठेवा, आठवड्याच्या आत वापरा. घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे 4-5 अंश असतात. आणि कळपात कोंबडा हवाच. दुकानातली लेयरची (फक्त अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांची) अंडी फलितच नसतात. लोडशेडिंगमध्ये मशीन थंड पडलं तर तास मोजण्यात अर्थ उरत नाही.

अमरावती_भ्रूणशास्त्र:
तास सोडा, सोमाइट मोजा. कोंबडीच्या भ्रूणाच्या वाढीच्या हॅम्बर्गर-हॅमिल्टनच्या 1951 च्या तक्त्यात 33 ते 38 तासांना 10 जोड्या आहेत. कोंबडीत हॉक्स-सी-6 ची पुढची हद्द, म्हणजे जिथून मागे हा जीन चालू असतो ती जागा, मान-छातीच्या सांध्यावर, म्हणजे साधारण 19-20 व्या सोमाइटपाशी येते. पहिले चार-पाच सोमाइट कवटीत जातात, त्यानंतर मानेचे 14 मणके. म्हणजे तुमच्या 4 किंवा 16 जोड्यांच्या भ्रूणात ती जागा अजून तयारच झालेली नाही. 50 ते 53 तास ठेवा, 22 जोड्या मिळतील.

काढताना अंडं 0.72 टक्के मिठाच्या कोमट पाण्यात फोडा. मध्ये भोक पाडलेलं फिल्टर पेपरचं कडं बलकावरच्या भ्रूणाच्या चकतीवर बसवा, अर्धा मिनिट चिकटू द्या, मग कड्याच्या बाहेरून कात्री फिरवून अलगद उचला. आधी कापून मग कागद लावला की चकती गुंडाळली जाते. प्रकाश बाजूने टाका, सोमाइट ठळक दिसतात.

मुलांना एक नक्की सांगा: हॉक्स जीन मणका बनवत नाही, तो कोणत्या जागचा मणका व्हायचा ते ठरवतो. होमिओबॉक्स म्हणजे त्यातला 180 बेसजोड्यांचा तुकडा. त्यापासून बनणारा 60 अमिनो आम्लांचा भाग डीएनएला चिकटतो आणि इतर जीन चालू-बंद करतो.

दारव्हा_झूलॉजी:
जीन रंगवून दाखवायची सोय इथे नाही. दुसरं काही?

अमरावती_भ्रूणशास्त्र:
हाडं दाखवा. बकरीची मान 7 मणक्यांची, कोंबडीची 14. उंदरातही मान 7 चीच, आणि उंदीर असो की कोंबडी, हॉक्स-सी-6 ची हद्द मान संपते तिथेच. संख्या बदलली की हद्दही सरकते.

मटणवाल्याला मुंडकं तोडू नका म्हणा, नाहीतर पहिला कड्यासारखा मणका मुंडक्यासोबत जातो आणि कोंबडीत 13 च भरतात. कोंबडीत पहिली सुटी बरगडी जिथे लागते तिथून छाती धरा. ती इवलीशी असते, छातीच्या हाडापर्यंत पोचत नाही. जास्त शिजवलं तर गळून पडते आणि मोजणी 15 वर जाते. मंद आचेवर मांस सुटेपर्यंतच ठेवा, आणि मणके काढायच्या आधी दोऱ्यात ओवून घ्या.