आईला कन्याकुमारीला न्यायचंय, ४०,००० रुपये कसे जमवू?

धायरीची_लेक:
नमस्कार मंडळी. मी लक्ष्मी रोडवर साड्यांच्या दुकानात काम करते, पगार 23,000. घरी आई आणि मी, दोघीच. आई 70 ची आहे. ती शाळेत असताना कन्याकुमारीच्या समुद्रातल्या खडकावरच्या विवेकानंद शिलास्मारकासाठी लोकांकडून एकेक रुपया गोळा करत होते, तेव्हा आजोबांनीही रुपया दिला होता. 1970 ला स्मारक झालं, पण आजोबांना बघायला मिळालं नाही आणि आईलाही अजून नाही. पुढच्या डिसेंबरात तिला न्यायचंच, असं मनात आहे. दोघींचा रेल्वे, राहणं, खाणं मिळून 40,000 चा अंदाज धरलाय. गेल्या वर्षी गव्हाच्या डब्यात पाकिटात पैसे टाकत होते. 11,000 झाले होते. त्यातले निम्मे गणपतीत गेले आणि उरलेले गीझरमध्ये. शेजारच्या काकू पोस्टाची आरडी (दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची ठेव) काढ म्हणतात. काय करू?

बँकेतला_निवृत्त:
ताई, पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही. तुमच्या कामाची नाही. तुमचा पगार ज्या बँकेत जमा होतो तिथेच नऊ महिन्यांची आरडी उघडा. हप्त्याची तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवशीची ठेवा, म्हणजे पैसे दिसायच्या आतच कापले जातील. डब्यातलं पाकीट घरातल्या प्रत्येक अडचणीला दिसतं, तिथेच घोळ होतो.

सहकारनगरची_मावशी:
मी भिशीतून दोन सहली केल्या, म्हणून भिशीच सांगणार होते. पण तिसऱ्या वेळी काय झालं तेही सांगते. बारा जणी, महिना 2,000. माझी चिठ्ठी निघाली त्याच महिन्यात दोघींनी पैसे थकवले. माझे 24,000 पुरे हातात यायला तीन महिने लागले, तोवर ट्रिपची तारीख उलटून गेली. ओळखीच्याच बायका, भांडणार तरी कशा? तारीख ठरलेली असेल तर भिशीवर विसंबू नकोस गं.

गाडीवेडा_पुणेकर:
पैशाआधी तारखेचं बघा. डिसेंबर म्हणजे शबरीमलाच्या यात्रेचे दिवस, मकरसंक्रांतीपर्यंत केरळकडच्या गाड्यांना तुफान गर्दी असते. पुणे–कन्याकुमारी एक्सप्रेस केरळमधूनच जाते. फेब्रुवारीत जा. गर्दी कमी, ऊनही फार नाही आणि तुम्हाला दोन पगार जास्तीचे मिळतील.

दुसरं, आरक्षण 60 दिवस आधी उघडतं (पूर्वी 120 होतं, नोव्हेंबर 2024 पासून बदललं). म्हणजे तिकिटाचे पैसे डिसेंबरातच लागणार. आरडी प्रवासाच्या तारखेला नाही, त्याआधी सुटली पाहिजे! ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, त्यामुळे आईंचं तिकीटही पूर्णच धरा. वय मात्र बरोबर टाका, जागा असेल तर सिस्टीम खालचा बर्थ देते. गाडीत दोन रात्री काढायच्या आहेत, खालचा बर्थ हवाच.

बँकेतला_निवृत्त:
अगदी बरोबर. मग हिशेब असा: मार्चपासून 3,500 ची आरडी, नऊ हप्ते म्हणजे 31,500, वर थोडं व्याज. डिसेंबरच्या सुरुवातीला हातात. त्यातून तिकिटं काढा. डिसेंबर-जानेवारीच्या पगारातले प्रत्येकी 3,500 वेगळे ठेवा. 39,000 च्या वर जातं. दिवाळीचा बोनस यात धरलेला नाही, तो घरालाच राहू द्या, नाहीतर आरडी मोडायची वेळ येते. गणपतीचे 500-500 मात्र आत्तापासून बाजूला काढा.

सहकारनगरची_मावशी:
राहायला विवेकानंद केंद्राचा परिसर बघ, विवेकानंदपुरम. आम्ही तिथेच उतरलो होतो, स्वच्छ, शांत आणि आपल्याला परवडणारं. आणि एक दिवस जास्तीचा धर. समुद्र खवळला की शिलेवर जाणाऱ्या बोटी बंद ठेवतात. एवढ्या लांब जाऊन किनाऱ्यावरून बघून परत यायची वेळ नको.

धायरीची_लेक:
आज जेवणाच्या सुट्टीत जाऊन आरडी उघडली. 3,500, तारीख 6. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईला सांगितलं. आधी म्हणाली, एवढा खर्च कशाला. मग थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून हाक मारून विचारलं, "बोटीत चढताना पाय भिजतात का गं?"

सहकारनगरची_मावशी:
नाही भिजत, धक्क्यावरून थेट बोटीत चढतात, लाइफ जॅकेटही देतात. पण शिलेवर चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी दगड चांगलाच तापतो. सकाळची पहिली बोट पकडा, आणि आईंसाठी जाड मोजे घे.