अनुभव धागा: रंगमंचावरचे म्हातारपण आणि घरातले म्हातारपण

तिसरी घंटा (परभणी)
परवा नातीने घरी ‘दशावतार’ लावला. तो चित्रपट २०२५ मध्ये आला तेव्हा दिलीप प्रभावळकर ८१ वर्षांचे होते. पडद्यावरचा तो वृद्ध कलावंत पाहताना मला राज्य नाट्य स्पर्धेतील माझी पहिली मोठी भूमिका आठवली. मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि सत्तरीचे आजोबा करत होतो. केसांना झिंक ऑक्साइड चोपडले होते, कपाळावर पेन्सिलीने सुरकुत्या ओढल्या होत्या, पाठीला बाक, आवाजाला कंप आणि हातात थरथरती काठी होती. टाळ्या पुष्कळ मिळाल्या.

आज मी ७४ वर्षांचा आहे आणि ती भूमिका पूर्ण चुकली होती हे मला कळते, कारण मी म्हातारपण दाखवत होतो आणि खरा म्हातारा ते लपवत असतो. दुकानाची पायरी चढण्यापूर्वी मी थांबून मोबाईल पाहिल्यासारखे करतो, कारण गुडघा तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. समोरच्याचे बोलणे ऐकू आले नाही तर पुन्हा विचारत नाही, नुसती मान हलवतो. डॉ. श्रीराम लागूंनी २३ डिसेंबर १९७० रोजी ‘नटसम्राट’ नाटकातले वृद्ध नट अप्पासाहेब बेलवलकर पहिल्यांदा रंगमंचावर उभे केले तेव्हा ते अवघे ४३ वर्षांचे होते. इतक्या अलीकडून त्यांना ते वय कसे दिसले असेल, याचा मी अलीकडे फार विचार करतो.

ज्यांचे आयुष्य तालमींत गेले किंवा ज्यांनी घरात असा नट पाहिला, त्यांनी कृपया लिहावे.

विंगेतला (अंबाजोगाई)
काका, माझे वडील दिवसा कारकून आणि संध्याकाळी नट होते. सहकलाकारांचे संवादही त्यांना तोंडपाठ असत. शेवटच्या प्रयोगात, दुसऱ्या अंकात, ते एकाएकी थांबले. मी विंगेत संहिता घेऊन बसलो होतो. शब्द दिला, तो त्यांना ऐकू गेला नाही. मोठ्याने दिला, तो पहिल्या रांगेला ऐकू गेला. त्यांनी सावकाश खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, तेवढ्यात समोरच्या बाईंनी पुढचे वाक्य घेतले आणि नाटक सुरू राहिले. घरी आल्यावर त्यांनी रंगभूषेची पेटी माझ्या हाती दिली. तिच्यातला स्पिरिट गम वाळून दगड झाला होता. त्यानंतर ते अकरा वर्षे जगले, पण नाटक पाहायलासुद्धा आले नाहीत. मी आग्रह करायला हवा होता, असे आजही वाटते.

तिसरी घंटा (परभणी)
बाळा, मन खाऊ नकोस. तो रुमाल संहितेत नव्हता, तरीही त्यांना सुचला. अडकलेल्या क्षणी असे सुचणारे नट मी फार थोडे पाहिले आहेत.

गोदाकाठ (नांदेड)
स्त्रियांना रंगमंचावर म्हातारपण फार लवकर येते, हेही इथे नोंदवावेसे वाटते. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातून मी बाहेर पडले तेव्हा नायिकेची कामे मिळत होती. बत्तिसाव्या वर्षी मला माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या असलेल्या नटाची आई करायला सांगण्यात आले. मी ती केली, कारण नाही म्हटले असते तर तालमीलाच जाता आले नसते. आता मी ६१ वर्षांची आहे, खरोखर आईच्या वयाची झाले आहे, तर संहितेत आईला तीन वाक्ये असतात.

साडेतीन अंक (जालना)
ताई, वाचून फार वाईट वाटले. कुकर लावला आहे, सविस्तर रात्री लिहिते.

नाथषष्ठी (पैठण)
आमच्याकडे ही वयाची अडचण नाही. आमच्या गल्लीतले आजोबा सोंगी भारूड करतात. ७८व्या वर्षीही लुगडे नेसून सासुरवाशीण होतात, मिशी तशीच ठेवतात आणि त्यात कोणालाही काही खटकत नाही. या वर्षी षष्ठीच्या आधी त्यांना दम लागू लागला म्हणून डॉक्टरांनी नाचायला मनाई केली. त्यांनी बसून भारूड म्हटले आणि टाळकऱ्यांनी कोणी न सांगता लय धीमी केली.

बालाघाट (बीड)
ताई, आजोबांना मानधन सुरू आहे का? राज्याच्या राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या मानधन योजनेत पूर्वी कलावंतांचे अ, ब, क असे वर्ग होते आणि रकमा वेगवेगळ्या होत्या. २०२४ पासून सर्वांना दरमहा ५,००० रुपये आहेत. मात्र कला सादर केल्याचे पुरावे जोडावे लागतात. आमच्या ढोलकीवाल्या मामांचा अर्ज दोनदा त्याच कारणाने परत आला. चाळीस वर्षे जत्रेत ढोलकी वाजवणाऱ्या माणसाला प्रमाणपत्र कोणी दिलेले असते?

नाथषष्ठी (पैठण)
नाही भाऊ, अर्जच केलेला नाही. त्यांच्याकडे एकही कागद नाही, नाव मात्र आसपासच्या सगळ्या गावांत आहे. उद्याच चौकशी करते.

तिसरी घंटा (परभणी)
जुन्या निमंत्रणपत्रिका, वर्तमानपत्रातली कात्रणे, सप्ताहाच्या भित्तिपत्रकावर छापलेले नाव, जे सापडेल ते गोळा करा. आणि आजोबा भारूड म्हणत असताना आताच मोबाईलवर चित्रण करून ठेवा. बसून म्हटलेले असले तरी चालेल.