आईच्या फायब्रोमायल्जियासाठी मॅग्नेशियम, अश्वगंधा घेतलेल्या कुणाचा अनुभव?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आई ५४ वर्षांची. दोन वर्षं सगळं अंग ठणकतंय, झोप झाली तरी सकाळी उठते ती दमलेलीच. ओली चादर पिळताना मनगटं अशी दुखतात की ती तशीच निथळत दोरीवर टाकते. रिपोर्ट नॉर्मल, म्हणून नातेवाईक म्हणतात ‘मनाचे खेळ आहेत’. फार लागतं हो तिला ते.

संधिवाततज्ज्ञांनी फायब्रोमायल्जियाचं निदान केलं, म्हणजे अंगभर दुखणं आणि थकवा असणारा जुनाट आजार. रात्री प्रीगाबालिन (दुखण्यावरचं औषध) ७५ मिलिग्रॅम चालू आहे. ड जीवनसत्त्व कमी, १४ निघालं, म्हणून आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी दिली. त्याने थोडा फरक वाटतोय.

आता शेजारच्या काकू अश्वगंधा घे म्हणून मागे लागल्यात. पण आईला थायरॉईडची गोळी आहे, आणि अश्वगंधेने थायरॉईडची पातळी बदलू शकते, शिवाय प्रीगाबालिनसोबत गुंगी वाढू शकते. म्हणून मी थांबवलंय. मॅग्नेशियम ग्लायसिनेट कुणी घेतलंय का? झोपेत, दुखण्यात खरंच फरक पडला का, किती दिवसांनी? पोट बिघडलं का? थायरॉईडच्या गोळीपासून चार तासांचं अंतर ठेवायचं, एवढं माहीत आहे.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच सुरू करणार नाही. पुढची भेट पंधरा दिवसांनी आहे, त्याआधी तुमचे अनुभव कळले तर नीट विचारता येईल.