'ण्यात येत आहे' हद्दपार करायचं का?

कोथरूडकर (धागाकर्ता)
आमच्या सोसायटीच्या फलकावरची नोटीस जशीच्या तशी देतो: "सर्व सभासदांना कळविण्यात येते की, रविवारी पाण्याच्या टाक्यांची स्वच्छता करण्यात येणार असल्याने पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल. सदर खर्च सभासदांकडून वसूल करण्यात येईल." चार 'ण्यात', माणूस एकही नाही. पाणी किती वाजता जाणार, पैसे किती, द्यायचे कोणाकडे, कशाचाच पत्ता नाही.

माझं म्हणणं असं की 'ण्यात', 'कडून', 'द्वारे', 'केले गेले' दिसलं की थांबावं आणि "कोणी?" म्हणून विचारावं. उत्तर सापडत नसेल तर वाक्य मोडून नव्याने लिहावं: "रविवारी सकाळी ८ ते १२ समिती टाक्या धुऊन घेणार आहे. तेवढा वेळ पाणी येणार नाही."

शनिवारपेठी
पुण्यात राहून कर्मणीला नावं ठेवता? "फाटकासमोर गाडी लावल्यास हवा सोडली जाईल." हे कर्तरीत करा बघू. "मी हवा सोडीन." गेला ना दरारा? वाचणारा म्हणेल, कोण हे आजोबा, बघून घेऊ. सोडणारा कोण ते कळत नाही, म्हणूनच गाडी हलते.

व्याकरणवेडी
कर्मणीला सरसकट झोडपू नका. "मी पत्र लिहिलं", "मी चिठ्ठी लिहिली": क्रियापद कर्माप्रमाणे बदललं, म्हणजे आपल्या व्याकरणात हा कर्मणी प्रयोगच. तरी कर्ता पहिल्या जागी ठाण मांडून बसलाय. कर्तरी जमत असेल तिथे कर्मणी नको, हा इंग्रजी लेखक जॉर्ज ऑर्वेलचा १९४६ चा नियम इंग्रजीसाठी होता. तो आहे तसा इकडे आणला तर आपला अर्धा भूतकाळ गाळावा लागेल. आणि "आजीच्याने आता जिना चढवत नाही" याचं काय करणार? "आजी जिना चढू शकत नाही" हे डॉक्टरांच्या कागदावरचं वाटतं.

उलट "दुरुस्तीवर पैसे खर्च केले" हे बघा. 'ण्यात' नाही, 'कडून' नाही, पण केले कोणी? "टाक्या धुणार आहोत" म्हटलं की 'आम्ही' न लिहिता कळतं. भूतकाळात क्रियापद पैशांशी जुळतं, त्यामुळे कर्ता गाळला की तो गेलाच. सभेचं इतिवृत्त वाचताना तुम्ही 'ण्यात' शोधत बसाल आणि नेमकं हे नजरेतून सुटेल.

निवृत्त लेखनिक
सरकारी टेबलावर आयुष्य गेलं, म्हणून लिहितो. "मंजुरी देण्यात येत आहे" यात लपवाछपवी नसते. मंजुरी माणूस देत नाही, पद देतं. साहेबांची बदली झाली तरी मंजुरी कायम राहते. आणि कर्ता नाही कसा? खाली सही आणि हुद्दा असतो की.

कोथरूडकर
आमच्या नोटिशीखाली 'आदेशावरून' एवढंच आहे. कोणाच्या, ते विचारू नका.

निवृत्त लेखनिक
मग ती नोटीस नव्हे, निनावी पत्र. तिथे मी तुमच्या बाजूने.

बातमीवाला
"दोघांना अटक करण्यात आली" हे आम्ही रोज छापतो आणि छापत राहू. अटक पोलीसच करणार, वाचकाला दर वेळी ते कशाला सांगायचं? अटक झालेले दोघे हीच बातमी. पण "आंदोलकांवर लाठीमार करण्यात आला" असं कोणी लिहून आणलं की मी कॉपी परत पाठवतो. तिथे 'पोलिसांनी' हा शब्द पहिला हवा. रचना एकच, पण एकीकडे कर्ता सांगायची गरज नाही आणि दुसरीकडे तो टाळलाय. 'ण्यात' शोधणारी तुमची चाळणी हा फरक पकडणार नाही.

कोथरूडकर
पकडणार नाही, मान्य. पण निदान वाक्यापाशी थांबवेल तरी. बाकी, नोटीस नव्याने लिहून मी सचिवांना दिली: वेळ, रक्कम, पैसे घेणाऱ्याचं नाव, फोन नंबर. वाचून म्हणाले, भाषा छान आहे, पण नाव आणि नंबर काढा, रविवारी सगळी बिल्डिंग मलाच फोन करेल. जुनीच नोटीस राहिली.

शनिवारपेठी
मग तिच्याखाली चिकटवा: "वर्गणी भरण्यात येणार नाही. आदेशावरून."