कॅन्सरचे उपचार अर्ध्यावर सुटतात ते डॉक्टर बोलत नाहीत म्हणून?

आटपाडीकर: आजीला गालाचा कॅन्सर. जन्मभर मिश्री लावली. 33 शेक (म्हणजे रेडिएशन) ठरले, सोमवार ते शुक्रवार, मिरजेत. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवून तो टेबलाला अडकवतात; आत ती डोळे मिटून पांडुरंगाचं नाव घ्यायची. तेराव्या शेकानंतर तोंड आतून सोललं, पाणीसुद्धा झोंबायला लागलं. तिला वाटलं, दुखणं वाढलं. आठ दिवस गेलीच नाही. असं तोंड येतं, शेक संपल्यावर भरत जातं, मधे खंड पडला तर उरलेल्या पेशी पुन्हा जोर धरतात, यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं. मग दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी स्टूल ओढलं, बॅटरीनं तोंड बघितलं न् म्हणाल्या, "आजी, हा शेकाचा चटका आहे, गाठीचा नाही." दुसऱ्या दिवशी आजी पहाटेच पिशवी भरून बसली. हे बोलणं औषधाइतकंच महत्त्वाचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

तासगावची वाट: नाही पटत, दादा. माझे वडील डॉक्टरांना देव मानत, तरी चौथी किमो चुकलीच. ऑक्टोबरात द्राक्षाची फळछाटणी, हातात पैसा यायचे तेवढेच दिवस. महात्मा फुले योजनेतून दवाखान्याचं बिल भागतं, एसटीत सवलतही आहे. पण त्यांचा आणि सोबत जाणाऱ्या माझा, असे दोन रोज बुडतात ते कोण देणार? गोड बोलण्यानं चूल पेटत नाही.

आटपाडीकर: मग डॉक्टरांनी "पुढची तारीख जमेल का?" एवढं विचारलं असतं तर? दोन-चार दिवस मागंपुढं करता येईल का, हे तेच सांगू शकतात. वडिलांनी अडचण सांगितली होती का?

तासगावची वाट: नाही. भीड वाटायची.

वॉर्डातली ताई: मी नर्स आहे. बाहेर साठ-सत्तर पेशंट ताटकळलेले असताना डॉक्टरांनी प्रत्येकाजवळ किती बसायचं? आणि नातेवाईक दारातच हात जोडतात, "पेशंटला कॅन्सर म्हणू नका." ज्याला आजारच माहीत नाही, त्याला खंड का नको, हे कसं समजवायचं? गप्प बसायला आधी तुम्हीच लावता.

आटपाडीकर: ताई, हे लागलं. आजीला आम्ही "साधी गाठ आहे" असंच सांगितलं होतं. पहिल्या डॉक्टरांनाही तसंच बजावलं होतं, मीच.