१९९० ची मिआटा: सिग्नलला मिनिटभर थांबली की स्लो झुलायला लागते

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९९० सालची माझदा मिआटा आहे. लाल, १.६ लिटर, पाच गिअर. शिकागोच्या ऑटो शोमध्ये १९८९ ला ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हा मी शाळेत होतो. मासिकातलं तिचं चित्र कापून वहीत ठेवलं होतं. तीन वर्षांपूर्वी अखेर घेतली.

गेल्या महिन्यात दोन शनिवार-रविवार घालवून घरीच कामं केली. एअर फिल्टरचा मूळ डबा काढून गोल उघडा फिल्टर लावला. मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढून स्टीलचा हेडर (चारही सिलिंडरचा धूर एकत्र आणणाऱ्या नळ्या) बसवला. व्हॉल्व्ह कव्हरवरून इनटेकच्या पाइपात जाणारी ब्रीदरची नळी जुनी होऊन तडकली होती. ती काढली, पाइपाचं भोक रबरी टोपणानं बंद केलं आणि कव्हरवर लिंबाएवढा छोटा फिल्टर खोचला. शिवाय टायमिंग (पिस्टन वर पोचायच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते) १० वरून १४ अंशांवर नेलं.

गाडी पळते छान. पण थांबली की त्रास. थंड इंजिन चालू केलं तर स्लो (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरतं तो वेग) व्यवस्थित धरते. चांगली गरम होऊन सिग्नलला थांबली की पहिला अर्धा-पाऊण मिनिट ८५० आरपीएमवर काटा हलत नाही. मग ७०० वर येतो, १३०० वर चढतो, परत ७०० वर, आणि हे चालूच राहतं. एकदा रूट २७ वर बंदच पडली, मागे मोठी रांग. पुन्हा दोन मैल चालवून थांबलो की तेच चक्र पहिल्यापासून.

प्लग नवीन टाकले. इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर आणि सगळ्या बारीक नळ्यांवर कार्ब क्लीनर मारून बघितला, आवाजात तसूभर फरक नाही. बाबांचं इस्लामपूरला टू-व्हीलरचं गॅरेज होतं. त्यांना व्हिडिओ कॉलवर आवाज ऐकवला. म्हणाले, "कुठनं तर एअर घेतीया बघ." मला ती जागाच सापडत नाही. कुणी सांगू शकेल का?

उत्तर (कॉव्हेंट्री)

दादा, माझ्याकडे हीच गाडी जपानहून आलेली आहे, युनोस नावाची. तुमचे बाबा बरोबर सांगतायत. एअर त्या लिंबाएवढ्या फिल्टरमधूनच जातेय.

तुमच्या इंजिनात हवा मोजायला पाकळीचा मीटर आहे. फिल्टरच्या पाठोपाठ बसलेली ती ॲल्युमिनियमची पेटी. आत एक झडप हवेच्या जोरानं उघडते, ती जेवढी उघडेल तेवढं पेट्रोल. म्हणजे इंजिनात जाणारी हवा त्या पेटीतूनच गेली पाहिजे. व्हॉल्व्ह कव्हरच्या दुसऱ्या बाजूला पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर जाऊ देणारा) आहे, तो अजून इनटेक मॅनिफोल्डला जोडलेला असेल. मॅनिफोल्ड त्यातून क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या पोटातली, हवा ओढतो. आधी तिच्या जागी येणारी ताजी हवा ब्रीदरच्या नळीतून, म्हणजे मीटरमधून मोजून यायची. आता ती तुमच्या छोट्या फिल्टरमधून न मोजता येते. गॅस्केटवर कितीही क्लीनर मारा, तिथं सापडणार नाही, कारण गळती इंजिनाच्या पोटातून आहे.

दोन मिनिटांची परीक्षा. स्लोवर असताना तेलाचं झाकण उघडा. धडधाकट १.६ लगेच अडखळते. तुमची अडखळली नाही तर समजा की झाकण आधीपासूनच उघडं असल्यासारखं आहे.

आणि एक कळकळीची विनंती: मीटरचं काळं झाकण उघडून आतल्या स्प्रिंगचे दाते फिरवू नका. इंटरनेटवर तो सल्ला फार मिळतो. एकदा मूळ जागा हरवली की परत आणणं महाकठीण.

उत्तर (भोसरी, पुणे)

मी जुन्या गाड्यांची कामं करते, मिआटा हाताखालून गेलेली नाही. पण तुम्ही लिहिलेला तो अर्धा-पाऊण मिनिट मला सोडवत नाही. नुसती जास्तीची हवा असती तर थांबल्या क्षणापासून झुलली असती. पहिला अर्धा मिनिट कुणीतरी ती हवा सांभाळून घेतंय, आणि नंतर ते झोपी जातंय.

ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) कुठे बसवलाय? त्याला तार एकच आहे का?

एडिसन

ताई, एकच तार आहे. आधी मॅनिफोल्डवर, हेडपासून वीतभरावर होता. नवीन हेडरमध्ये चारही नळ्या जिथे एकत्र येतात तिथे, बराच खाली गेला.

भोसरी, पुणे

मग झालं. एका तारेचा म्हणजे आत हीटर नाही, फक्त धुराड्याच्या उष्णतेवर तापणारा. साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या खाली तो काम करत नाही. रस्त्यावर तापलेला असतो, मिश्रण पातळ झालं (हवा जास्त, पेट्रोल कमी) की ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, कळवतो आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो. थांबल्यावर खालच्या जागी तो गार पडतो, दुरुस्ती बंद होते आणि मग चोरटी हवा दिसायला लागते. थंड इंजिनाला पेट्रोल तसंही जास्त मिळतं, म्हणून सकाळी त्रास नाही.

मल्टीमीटर त्या तारेला लावा. चालू सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वरखाली होत राहतो. थांबल्यावर आकडा एका जागी बसला की नेमकी वेळ बघून ठेवा.

उत्तर (फ्रँकफर्ट)

टायमिंगबद्दल एवढंच: डायग्नोसिस लिहिलेल्या काळ्या डबीत टीईएन आणि जीएनडी ही दोन टोकं तारेनं जोडून मोजलंत का? ती जोड नसेल तर ईसीयू स्वतःचा ॲडव्हान्स घालतो (ठिणगी आणखी आधी पाडतो) आणि टायमिंगच्या दिव्याला दिसणारे १४ अंश खरे नसतात. पण आधी स्लो शांत करा. झुलणाऱ्या इंजिनावर टायमिंग लावण्यात अर्थ नाही.

एडिसन (रविवार रात्र)

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सविस्तर लिहितो, पुढे कुणाला उपयोगी पडेल.

काल संध्याकाळी गाडी फिरवून आणली आणि दारात चालू ठेवली. मल्टीमीटर लावला, मोबाइलवर घड्याळ. आकडा ०.२, ०.८, ०.३ असा नाचत होता. बत्तिसाव्या सेकंदाला मंदावला, एक्केचाळिसाव्याला ०.१ च्या आसपास जो बसला तो हललाच नाही. त्यानंतर तीन-चार सेकंदांत इंजिन झुलायला लागलं.

तेलाचं झाकण काढलं. काहीही फरक नाही.

मग पक्कड घेतली, तिच्या जबड्याला जुन्या बनियनची चिंधी गुंडाळली आणि पीसीव्हीची रबरी नळी हळूच दाबली. नळी पूर्ण चपटी झाली तशी काट्याची एकच उडी १००० पर्यंत गेली, मग ९०० आणि तिथं थांबला. पक्कड सोडली, परत झुलली. दाबली, शांत. बाबा व्हिडिओवर होते. त्यांनी मला ते पाच वेळा करायला लावलं आणि प्रत्येक वेळी म्हणाले, "ऐकलंस?"

आज ब्रीदरची नवी नळी आणून इनटेकच्या पाइपाला जोडली, दोन्ही टोकांना क्लॅम्प लावले. छोटा फिल्टर काढून टाकला. आता तेलाचं झाकण काढलं की गाडी लगेच गचके खाते, लावलं की सावरते. चौदा मिनिटं उभी ठेवली, काटा ८५० वर. सेन्सर अजूनही गार पडतोच, पण मोजून आलेल्या हवेला त्याच्या मदतीची गरज पडत नाही. तरी तीन तारांचा, हीटरवाला सेन्सर मागवलाय. त्याला किल्ली चालू असतानाच वीज मिळेल अशी फ्यूजची लाइन काढणार आहे.

फ्रँकफर्टकर, तुमचाही अंदाज खरा निघाला. मी जोड न लावताच मोजलं होतं. टीईएन-जीएनडी जोडून दिवा मारला तर १४ कुठले, जेमतेम ६ अंश होते. म्हणजे मूळ गाडीपेक्षाही मागे, आणि मी महिनाभर गाडी छान पळते म्हणत होतो! तूर्त १० वर लावलंय. सेन्सर बसला की १४ करून बघेन, चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन खडखडलं तर परत मागे आणेन.

ताई, एक विचारायचं राहिलं. सेन्सरच्या आट्यांना ती चांदीसारखी ग्रीस लावायची म्हणतात, ती टोकाच्या जाळीला लागली तर चालते का? पुढच्या शनिवारी बसवायचाय.

भोसरी, पुणे

जाळीला अजिबात नको. फक्त आट्यांना, पातळ हात. नव्याच्या आट्यांना कंपनीनंच लावून दिली असेल तर वरून काही लावू नका. आणि जुना काढताना हेडर कोमट असू द्या, गार लोखंडात आटे ओरबाडतात.